ज्युनियर फिगर स्केटिंगच्या जागतिक स्पर्धेच्या प्रवेशयादीचा अंदाज कसा बांधावा

जागतिक ज्युनियर फिगर स्केटिंग अजिंक्यपद स्पर्धा साधारणपणे फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या सुरुवातीस भरते आणि तिची नावानिशी प्रवेशयादी त्याआधी जेमतेम काही आठवडे हाती येते. तोपर्यंत नुसती वाट पाहत बसण्याचे मात्र काही कारण नाही. कोणत्या देशाला किती जागा मिळणार, कोणत्या वयाचा खेळाडू पात्र ठरणार, त्याच्या नावावर किमान किती गुण असले पाहिजेत आणि त्याच्या देशाची संघटना निवड केव्हा करणार, या चारही गोष्टी कितीतरी आधीपासून सर्वांसाठी खुल्या असतात. त्या एकमेकींशी नीट ताडून पाहिल्या, तर जानेवारी संपता संपता एकेरीच्या यादीचा मोठा भाग कागदावर उतरवता येतो.

बहुतेक चाहते आवडत्या खेळाडूंच्या नावांपासून सुरुवात करतात आणि मग त्यांना जागा शोधत बसतात. माझा आग्रह याच्या नेमका उलट आहे. आधी देश, मग त्या देशाच्या जागा, मग वय, मग गुण आणि सर्वांत शेवटी नाव, हा क्रम सोडू नये. या क्रमाने गेल्यास ज्या खेळाडूंबद्दल खरोखर शंका आहे तेवढेच शिल्लक राहतात आणि विचार करण्याची सगळी शक्ती त्यांच्यावर खर्च करता येते.

स्पर्धा कोणत्या प्रकारची आहे, हे पाहावे

आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियन, म्हणजे आयएसयू, ही या खेळाची जागतिक संघटना १८९२ मध्ये स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय स्वित्झर्लंडमधील लोझान येथे आहे. तिच्या छत्राखालील ज्युनियर स्पर्धांचे, अंदाज बांधणाऱ्याच्या दृष्टीने, तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार अजिंक्यपदाचा. १९७६ मध्ये फ्रान्समधील मेजेव्ह येथे सुरू झालेली जागतिक ज्युनियर स्पर्धा त्यात मोडते आणि तिथे देशनिहाय जागा मागील वर्षाच्या निकालावरून ठरतात. दुसरा प्रकार ज्युनियर ग्रां प्री मालिकेचा आणि तिसरा वेगवेगळ्या राष्ट्रीय संघटना भरवतात त्या खुल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा. या तिसऱ्या प्रकारात प्रवेशाचे निर्णय इतके स्थानिक असतात, की त्यांचा आधीच अंदाज बांधण्यात फारसा अर्थ नाही. त्या स्पर्धांचा उपयोग वेगळा आहे आणि तो पुढे किमान गुणांच्या संदर्भात येईल.

ग्रां प्री मालिकेबद्दल थोडक्यात सांगतो. २०२४ च्या हंगामात तिचे टप्पे ऑगस्टच्या अखेरीस रिगा येथे सुरू झाले आणि ओस्ट्राव्हा, बँकॉक, अंकारा, ग्दान्स्क, ल्युब्लियाना असे करत ऑक्टोबरमध्ये वूशी येथे संपले. एका खेळाडूला जास्तीत जास्त दोन टप्पे मिळतात आणि प्रत्येक देशाला मालिकेत किती प्रवेश मिळणार हे मागील जागतिक ज्युनियर स्पर्धेतील स्थानांवर ठरते. विजेत्याला १५, दुसऱ्याला १३, तिसऱ्याला ११, चौथ्याला ९ असे गुण मिळत जातात आणि मुलांची एकेरी, मुलींची एकेरी, जोडी व आइस डान्स या चार खेळप्रकारांपैकी प्रत्येकातील पहिले सहा डिसेंबरच्या अंतिम स्पर्धेत जातात. दोन सुवर्णपदके म्हणजे ३० गुण, तिथे शंकेला जागाच नाही. एक सुवर्ण व एक कांस्य म्हणजे २६ गुण झाले, तरी ते नाव पेनाने लिहून टाकण्यास हरकत नसावी. दोन कांस्यपदकांचे २२ गुण असतील, तर मात्र शेवटचा टप्पा संपेपर्यंत थांबावे. या मालिकेतील दुसरा टप्पा कोणाला मिळणार हे बहुधा पहिल्या टप्प्यातील कामगिरीवर अवलंबून असते, त्यामुळे जुलैमध्येच सातही टप्प्यांच्या याद्या मांडण्याचा खटाटोप करू नये. पहिले दोन-तीन टप्पे झाल्यावर उरलेल्यांचे चित्र आपोआप स्पष्ट होऊ लागते.

देशाच्या जागा मोजाव्यात

जागतिक ज्युनियर स्पर्धेत एका प्रकारात एका देशाचे जास्तीत जास्त तीन प्रवेश असू शकतात. तीन, दोन की एक, याचे उत्तर मागील वर्षाच्या निकालपत्रातच असते आणि ते काढण्यासाठी साधी बेरीज पुरते. मागील वर्षी देशाचे दोन किंवा तीन खेळाडू उतरले असतील, तर त्यांतील सर्वोत्तम दोघांच्या स्थानांची बेरीज करावी. बेरीज १३ किंवा त्याहून कमी आली तर तीन जागा, २८ पर्यंत आली तर दोन जागा आणि त्यापुढे एकच जागा. देशाचा एकच खेळाडू उतरला असेल, तर तो पहिला किंवा दुसरा आल्यास तीन जागा मिळतात आणि तिसऱ्यापासून दहाव्या क्रमांकापर्यंत आल्यास दोन.

ही बेरीज करताना एका बारकाव्याकडे लक्ष हवे. एकेरीत शॉर्ट प्रोग्रॅमनंतर, म्हणजे पहिल्या छोट्या कार्यक्रमानंतर, पहिले २४ खेळाडूच फ्री स्केटसाठी, म्हणजे दुसऱ्या मोठ्या कार्यक्रमासाठी, पुढे जातात. पुढे गेलेला खेळाडू सोळाव्या क्रमांकाच्या खाली कितीही घसरला, तरी या हिशोबात त्याचे १६ च धरले जातात, आणि जो शॉर्ट प्रोग्रॅमनंतरच बाहेर पडतो त्याचे १८ धरले जातात. समजा एखाद्या देशाचा एक खेळाडू दहावा आला आणि दुसरा फ्री स्केटपर्यंत पोहोचलाच नाही. तेव्हा १० आणि १८ मिळून बरोबर २८ होतात आणि त्या देशाच्या दोन जागा टिकतात. तोच पहिला खेळाडू अकरावा आला असता तर एक जागा गेली असती. सहावा व सातवा क्रमांक मिळून १३ होतात आणि तीन जागा मिळतात. सातव्याच्या ऐवजी आठवा आला, तर तिसरी जागा हातची जाते. म्हणून निकालाच्या दिवशी पदकांबरोबर सहा ते बारा या क्रमांकांकडेही बारीक लक्ष ठेवावे, असे मी प्रत्येकाला सांगत असतो. पुढच्या वर्षाची यादी तिथेच घडत असते.

२०२४ मध्ये ताइपेइ येथे झालेल्या स्पर्धेत मुलींच्या एकेरीत जपानची माओ शिमादा पहिली आणि तिचीच देशभगिनी रेना उएझोनो तिसरी आली. बेरीज चार. त्यामुळे २०२५ मध्ये हंगेरीतील देब्रेत्सेन येथे जपानला मुलींच्या तीन जागा मिळणार हे वर्षभर आधीच निश्चित झाले होते. प्रश्न उरला होता तो फक्त तीन नावांचा. अंदाजाच्या कामात असे निश्चित व अनिश्चित भाग वेगळे करता येणे, हीच खरी पहिली पायरी आहे.

काही वेळा मागील वर्षाचा निकाल अस्तित्वातच नसतो. चीनमधील हार्बिन येथे २०२१ मध्ये होणारी स्पर्धा महासाथीमुळे रद्द झाली आणि २०२२ ची स्पर्धा बल्गेरियातील सोफिया येथून हलवून एप्रिलमध्ये एस्टोनियातील टॅलिन येथे घ्यावी लागली. त्याच वर्षी १ मार्च रोजी आयएसयूने रशिया व बेलारूसच्या खेळाडूंना बाहेर ठेवण्याचा निर्णय घेतला आणि विशेषतः मुलींच्या एकेरीतील वरच्या क्रमांकांचे सगळे गणित बदलून गेले. अशा निर्णयांची सद्यस्थिती दर हंगामाच्या सुरुवातीस आयएसयूच्या परिपत्रकांतून तपासून घ्यावी, ऐकीव माहितीवर जागा मोजू नयेत.

वयाची चाळणी

एकेरीत ज्युनियर म्हणून खेळण्यासाठी हंगामाच्या १ जुलैपूर्वी खेळाडूला १३ वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात आणि १९ पूर्ण झालेली नसावी लागतात. स्पर्धेच्या दिवशीचे वय येथे पाहत नाहीत, १ जुलैचे पाहतात. जोडी आणि आइस डान्स या प्रकारांत वरची मर्यादा निराळी असते आणि ती बदललीही जाते, म्हणून त्या हंगामाचे परिपत्रक उघडूनच ती लिहून घ्यावी.

याला जोडून सीनियर गटाची खालची मर्यादा लक्षात ठेवणे तितकेच आवश्यक आहे. जून २०२२ मध्ये थायलंडमधील फुकेत येथे भरलेल्या आयएसयूच्या अधिवेशनाने सीनियर गटासाठीचे किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ करण्याचा निर्णय घेतला. २०२३–२४ च्या हंगामात ते १६ झाले आणि २०२४–२५ पासून १७. या एका निर्णयाने ज्युनियर याद्यांचा स्वभावच पालटला. पूर्वी पंधराव्या वर्षी सीनियर गटात निघून जाणाऱ्या मुली आता आणखी दोन वर्षे ज्युनियर गटातच राहतात, म्हणून एकच नाव सलग तीन-चार वर्षे यादीत दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही.

दक्षिण कोरियाच्या जिया शिनचे उदाहरण या नियमाखाली अगदी जवळून पाहण्यासारखे आहे. तिचा जन्म १९ मार्च २००८ चा. १ जुलै २०२२ रोजी ती १४ वर्षांची होती आणि सीनियर गटाला १५ हवी होती. पुढच्या जुलैत ती १५ ची झाली, तोवर अट १६ ची झाली होती. त्यापुढच्या जुलैत ती १६ ची झाली आणि अट १७ वर गेली. प्रत्येक वर्षी ती एका वर्षाने कमी पडत राहिली आणि प्रत्येक वर्षी जागतिक ज्युनियर स्पर्धेत उतरून तिने २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन रौप्यपदके मिळवली. अखेर १ जुलै २०२५ रोजी ती १७ ची होती आणि २०२६ च्या मिलान-कोर्तिना ऑलिंपिकसाठी पात्र ठरली. त्या तिन्ही वर्षी तिच्या पुढे सुवर्णपदकावर असलेली माओ शिमादा मात्र ३० ऑक्टोबर २००८ ची. ती १७ ची झाली तोवर १ जुलै २०२५ उलटून चार महिने होत आले होते, म्हणून ऑलिंपिकचे दार तिच्यासाठी बंद राहिले. दोघींच्या जन्मतारखांत जेमतेम साडेसात महिन्यांचे अंतर आहे. खेळाडूची जन्मतारीख हा आपल्या वहीतील सर्वांत महत्त्वाचा रकाना का आहे, हे यावरून ध्यानात यावे.

खालच्या टोकालाही हीच नजर हवी. शिमादा १ जुलै २०२१ रोजी १२ वर्षांची होती, त्यामुळे आंतरराष्ट्रीय ज्युनियर स्पर्धांसाठी तिचा पहिला हंगाम २०२२–२३ चा ठरला आणि त्याच हंगामात कॅल्गरी येथे ती जगज्जेती झाली. तिला देशांतर्गत नोव्हिस, म्हणजे ज्युनियरच्या खालच्या, गटात पाहिलेल्यांना ते नाव एक वर्ष आधीच वहीत लिहून ठेवता आले असते. प्रत्येक मोठ्या देशाच्या नोव्हिस निकालांतून येत्या १ जुलैला तेरा पूर्ण करणारी मुले वेगळी काढून ठेवावीत. हे काम वर्षातून एकदाच करायचे असते आणि त्याचे फळ दोन हंगाम मिळत राहते.

किमान तांत्रिक गुण

जागा आहे आणि वयही बसते, तरी खेळाडू प्रवेशास पात्र होतोच असे नाही. जागतिक ज्युनियर स्पर्धेसाठी आयएसयू शॉर्ट प्रोग्रॅम आणि फ्री स्केट या दोन्हींसाठी स्वतंत्र किमान तांत्रिक गुण जाहीर करते. हे गुण चालू किंवा लगतच्या मागील हंगामात मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मिळवलेले असावे लागतात. दोन्ही कार्यक्रमांचे किमान गुण एकाच स्पर्धेत मिळालेले असण्याची मात्र अट नाही. राष्ट्रीय स्पर्धेत मिळालेले गुण कितीही मोठे असले तरी येथे ग्राह्य धरले जात नाहीत.

निकालपत्र वाचताना बहुतेकांची गफलत येथेच होते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. एखाद्या मुलीच्या शॉर्ट प्रोग्रॅमचे एकूण गुण ४८ लिहिलेले असतात. त्या आकड्यात तांत्रिक घटकांचे २६, सादरीकरणाचे २३ आणि एकदा पडल्याबद्दल वजा झालेला एक गुण असे सगळे मिसळलेले असते. आपल्याला हवा असतो तो फक्त २६ चा आकडा. वजा झालेला एक गुण एकूण बेरजेतून जातो, तांत्रिक रकान्यातून जात नाही. मात्र पडल्यामुळे त्या उडीच्या अंमलबजावणीचे गुण घटतात आणि ते तांत्रिक रकान्यातच दिसतात. म्हणून एकूण गुणांच्या यादीवरून पात्रता ठरवू नये. त्या स्पर्धेचे तपशीलवार गुणपत्रक उघडावे आणि प्रत्येक कार्यक्रमाचा तांत्रिक रकाना वेगळा उतरवून घ्यावा.

मोठ्या देशांच्या खेळाडूंसाठी ही अट नाममात्र असते. लहान देशांसाठी तीच निर्णायक ठरते, कारण आयएसयूच्या प्रत्येक सदस्य देशाला किमान एक जागा मिळतेच आणि ती भरता येईल की नाही हे या दोन आकड्यांवर अवलंबून असते. जानेवारी-फेब्रुवारीत युरोपात होणाऱ्या लहान लहान खुल्या स्पर्धांना म्हणूनच महत्त्व असते. एखाद्या लहान देशाची मुलगी हंगामाच्या मध्यावर अचानक लागोपाठ दोन आठवडे दोन वेगळ्या देशांत खेळताना दिसली, तर ती किमान गुणांच्या मागे आहे असे बहुधा समजावे आणि तिच्या नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवून गुणपत्रकाची वाट पाहावी.

भारताचा प्रश्न नेमका याच जातीचा आहे. भारत आयएसयूचा सदस्य आहे, त्यामुळे जागेची अडचण नाही. अडचण आहे ती वर्षभर सरावाला मिळेल अशा पूर्ण आकाराच्या बर्फाची. देहरादूनची हिमाद्री रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधली गेली आणि नंतर कित्येक वर्षे बंद राहून अलीकडे पुन्हा सुरू झाली. ती बंद होती त्या वर्षांत किती मुलांचे शिकण्याचे वय निघून गेले असेल, या विचाराने आजही वाईट वाटते. भारताकडून सीनियर गटात उतरणारी तारा प्रसादही अमेरिकेत वाढलेली आहे. न्यू जर्सी किंवा टोरांटोच्या एखाद्या मराठी घरातील मूल उद्या भारतासाठी खेळू इच्छित असेल, तर त्याच्या पालकांनी एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. एका देशाकडून आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळून झाल्यावर दुसऱ्या देशाकडून उतरायचे, तर आधीच्या संघटनेची परवानगी आणि प्रतीक्षेचा काळ या दोन्ही गोष्टी मध्ये येतात. अंदाज बांधणाऱ्यानेही देश बदललेल्या खेळाडूचे नाव घाईने यादीत घालू नये, शेवटची आंतरराष्ट्रीय स्पर्धा कोणत्या तारखेची होती हे आधी पाहावे.

राष्ट्रीय निकाल दोनदा वाचावा

इथवर आलेल्या वाचकाच्या हाती प्रत्येक देशाच्या जागांची संख्या आणि त्या जागांसाठी पात्र खेळाडूंची एक आखूड यादी असते. आता त्यातून नावे निवडायची. त्यासाठी त्या त्या देशाची निवड कधी आणि कशावरून होते, हे माहीत असले पाहिजे. जपानमध्ये नोव्हेंबरात ज्युनियरांची राष्ट्रीय स्पर्धा होते, तिथले आघाडीचे खेळाडू डिसेंबरच्या अखेरीस होणाऱ्या सीनियर राष्ट्रीय स्पर्धेत खेळतात आणि ती संपताच संघांची घोषणा होते. दक्षिण कोरियात जानेवारीतील राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेला निर्णायक महत्त्व असते. अमेरिका व कॅनडा यांच्याही राष्ट्रीय स्पर्धा जानेवारीत होतात, पण अमेरिकेत निवड समिती हंगामभराची कामगिरी विचारात घेते, त्यामुळे एका दिवसाच्या क्रमवारीवरून तिथला संघ सांगता येत नाही. पोलंड, हंगेरी, चेक प्रजासत्ताक आणि स्लोव्हाकिया हे चार देश आपली राष्ट्रीय स्पर्धा एकत्र भरवतात, हे अंदाज बांधणाऱ्याच्या सोयीचेच आहे, कारण चार देशांचे निकाल एकाच ठिकाणी मिळतात.

सीनियर राष्ट्रीय स्पर्धेचा निकाल दोनदा वाचावा, ही या सगळ्या कामातील मला सर्वांत मोलाची वाटणारी रीत आहे. पहिल्या वाचनात सीनियर गटासाठी वय कमी पडणाऱ्यांच्या नावांवर काट मारावी. जे उरतात त्यांतून सीनियर संघ निघतो. दुसऱ्या वाचनात ज्युनियर वय ओलांडलेल्यांवर काट मारावी आणि उरलेली नावे वरून खाली वाचावीत. तिथे ज्युनियर संघ दिसू लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये जपानच्या सीनियर राष्ट्रीय स्पर्धेत काओरी साकामोतो पहिली आणि शिमादा दुसरी आली. पहिल्या वाचनात शिमादावर काट पडते, दुसऱ्या वाचनात साकामोतोवर. दुसऱ्या वाचनात शिमादा अर्थातच सर्वांत वर येते आणि देब्रेत्सेनच्या तीन जागांपैकी पहिली जागा भरली जाते. कोरियात जिया शिन २०२३ व २०२४ मध्ये सीनियर गटाची राष्ट्रीय विजेती होती, पण वयामुळे सीनियर जागतिक स्पर्धेत जाऊ शकत नव्हती. तिथेही हीच रीत लागू पडते.

दोन्ही वाचनांत ज्यांच्यावर काट पडत नाही, ते सतरा-अठरा वर्षांचे खेळाडू खरे कोडे असतात. ते दोन्हीकडे पात्र असतात आणि संघटना त्यांना कुठे पाठवील हे नियम सांगत नाही. जपानचा काओ मिउरा २०२२–२३ मध्ये सीनियर ग्रां प्री खेळत होता, फेब्रुवारीत त्याने युरोपबाहेरच्या देशांसाठी असलेली चार खंडांची सीनियर स्पर्धा जिंकली आणि त्यानंतर लगेच कॅल्गरीला जाऊन जागतिक ज्युनियर विजेतेपदही मिळवले. अमेरिकेचा इलिया मालिनिन जानेवारी २०२२ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत दुसरा येऊनही ऑलिंपिक संघात घेतला गेला नाही, मग मार्चमध्ये सीनियर जागतिक स्पर्धा खेळला आणि एप्रिलमध्ये टॅलिनला ज्युनियर जगज्जेता झाला. ज्युनियर ग्रां प्रीच्या यादीत नाव नाही किंवा तो सीनियर स्पर्धा खेळतो आहे म्हणून खेळाडूला वगळणे किती धोक्याचे आहे, ते या दोघांवरून कळते. अशा खेळाडूंबाबत मी एकच प्रश्न विचारतो. हा खेळाडू पुढच्या वर्षासाठी देशाच्या जागा राखू किंवा वाढवू शकतो का? उत्तर होकारार्थी असेल आणि त्या देशाची जागा धोक्यात असेल, तर संघटना त्याला ज्युनियर स्पर्धेत उतरवण्याची शक्यता मी अधिक धरतो.

तीन जागा असलेल्या देशात पहिले नाव बहुधा उघड असते, दुसरे तर्काने येते आणि तिसऱ्यासाठी दोन-तीन खेळाडू जवळजवळ सारख्याच दावेदारीचे असतात. तिसऱ्या जागेपुढे एकच नाव लिहिण्याचा हट्ट धरू नये. दोन नावे लिहावीत आणि कोणते आधी का, याचे कारण बाजूला एका ओळीत नोंदवावे. मुलांच्या एकेरीत ताइपेइला दक्षिण कोरियाचा सियो मिन-क्यू पहिला, जपानचा रिओ नाकाता दुसरा आणि स्लोव्हाकियाचा आदम हागारा तिसरा आला. पुढच्या वर्षी देब्रेत्सेनला हेच तिघे पदकमंचावर होते, फक्त नाकाता आणि सियो यांच्या जागांची अदलाबदल झाली होती. वरच्या नावांचा अंदाज करणे किती सोपे असू शकते, याचे हे चांगले उदाहरण आहे. कौशल्य लागते ते दहाव्या ते पस्तिसाव्या क्रमांकाच्या आसपास येणाऱ्या खेळाडूंची नावे ओळखायला.

जोडी आणि आइस डान्स या प्रकारांत हीच पद्धत चालते, पण तिथे एक धोका कायम असतो. या वयात जोड्या फार लवकर मोडतात आणि नव्या जुळतात. एकाची उंची वाढते, दुसऱ्याची वाढत नाही, किंवा एकाचे कुटुंब सरावाचे शहर सोडते. देशाची जागा जोडीची नसून संघटनेची असते, त्यामुळे जोडी मोडली तरी जागा राहते. ती भरायला किमान गुण मिळवलेली दुसरी जोडी आहे का, एवढेच पाहावे.

राखीव खेळाडू आणि माघार

संघटना मुख्य नावांबरोबर राखीव नावेही देतात आणि आयएसयूच्या यादीत ती वेगळी दाखवलेली असतात. रेल्वेच्या वेटिंग लिस्टप्रमाणे यातही पहिल्या राखीव खेळाडूला बरीच आशा असते आणि तिसऱ्याला फारच थोडी. राखीव खेळाडू किमान गुणांच्या अटीत बसतो का, हेही पाहून ठेवावे. तो बसत नसेल, तर मुख्य खेळाडूने माघार घेतल्यावर ती जागा रिकामी राहते.

दुखापतीचा अंदाज कोणी बांधू नये, असे माझे ठाम मत आहे. यांतील कित्येक तेरा-चौदा वर्षांची मुले असतात. उंची भराभर वाढते, उडीचा तोल जातो, घोट्याला आणि कमरेला ताण येतो आणि ज्या उड्या काल सहज जमत होत्या त्या आज जमेनाशा होतात. त्यांच्या खासगी छायाचित्रांतून आणि सरावाच्या चित्रफितींतून पट्ट्या व बँडेज शोधत बसणे योग्य नाही आणि त्यातून मिळणारी माहितीही बहुधा चुकीची निघते. संघटनेने किंवा खेळाडूने स्वतः जाहीर केलेली माघार तेवढी धरावी. लागोपाठ दोन नियोजित स्पर्धांतून नाव मागे घेतले गेले असेल, तर त्याची सार्वजनिक नोंद असते. तेवढ्यावरून नावापुढे प्रश्नचिन्ह टाकणे पुरेसे आहे.

वही कशी ठेवावी

प्रत्येक देशाला एक पान द्यावे. पानाच्या माथ्यावर चारही प्रकारांतील जागांची संख्या आणि ज्या बेरजेवरून ती काढली ती बेरीज लिहावी, म्हणजे नंतर पुन्हा तपासता येते. खाली खेळाडूचे नाव, जन्मतारीख, १ जुलै रोजीचे वय, शॉर्ट प्रोग्रॅमचे सर्वोत्तम तांत्रिक गुण, फ्री स्केटचे सर्वोत्तम तांत्रिक गुण, ते कोणत्या स्पर्धेत कोणत्या तारखेला मिळाले, राष्ट्रीय स्पर्धेतील क्रमांक आणि शेवटी आपला निष्कर्ष असे रकाने आखावेत. निष्कर्षासाठी निश्चित, संभाव्य आणि शक्य एवढेच तीन शब्द वापरावेत. टक्केवारी लिहिण्याचा मोह होतो, पण इतक्या थोड्या माहितीवर काढलेली टक्केवारी वाचणाऱ्याची दिशाभूल करते. गुणांच्या तारखेला विशेष महत्त्व आहे, कारण मागील हंगामापूर्वी मिळवलेले गुण बाद होतात आणि जुन्या पानावरून उतरवलेला आकडा तसाच राहून जाण्याची शक्यता असते.

कोणत्या महिन्यात काय करायचे हेही ठरलेले असावे. मार्चमध्ये निकाल लागताच पुढील वर्षाच्या जागा मोजाव्यात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात वयाची चाळणी पुन्हा लावावी. ऑगस्ट ते ऑक्टोबर ग्रां प्रीची गुणपत्रके उतरवावीत. नोव्हेंबर ते जानेवारी राष्ट्रीय निकाल दोनदा वाचावेत. फेब्रुवारीच्या सुरुवातीस लहान देशांचे किमान गुण शेवटचे तपासावेत आणि त्यानंतर आपली यादी बंद करून तिच्यावर तारीख घालावी.

अधिकृत यादी आली की आपल्या यादीशेजारी ठेवून एकेक नाव जुळवावे आणि जे नाव जुळले नाही, त्यापुढे कारण लिहावे. जागा मोजण्यात गल्लत झाली, जन्मतारीख चुकीची होती, किमान गुण नव्हते, निवड समितीने वेगळा विचार केला की माघार झाली, यांपैकी एक कारण बहुतेक वेळा सापडतेच. पहिल्या तीन कारणांवर पुढच्या वर्षी उपाय करता येतो, उरलेल्या दोहोंवर फारसा करता येत नाही. एवढे झाले तरी वही लगेच मिटू नये, कारण शॉर्ट प्रोग्रॅमच्या क्रमाची सोडत निघेपर्यंत नावे बदलत राहतात आणि सोडतीच्या कागदावर जे नाव असते तेच खेळाडू बर्फावर उतरतात.